माहेरची प्रत

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे सध्या रजेवर आहेत. बाकीच्यांचा गोड मानून घे.)

तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेतोस ना, की आठवेल तेव्हा? डाव्या कानाचं डॉक्टर काय म्हणाले? की त्यांनी सांगितलं ते त्याच कानाला सांगितलं? तू जिना नसलेली लहान जागा पाहिलीस, हे हिच्याकडून कळलं. चांगलं केलंस. आवराआवर कुठवर आली? रद्दीवाला येऊन गेला का? जिन्याखालचं कपाट काढलंस का? (सहज विचारतो. त्या कपाटाची घाई करू नकोस. दमट हवेत जुनी कपाटं हलवू नयेत असं मी कुठेसं वाचलं आहे. कुठे ते आठवत नाही, पण छापलेलं होतं.) आमच्याकडे सर्व ठीक. ही बरी आहे. मी बरा आहे असं ही म्हणते.

फोन न करता पत्र लिहितो याचं नवल वाटेल. फोनवर तू दर वाक्याला 'मग?' म्हणतोस. लहानपणापासूनची सवय आहे, रागावून म्हणत नाहीस, हे मला कळतं. पण त्या 'मग'नं माझं पुढचं वाक्य पळून जातं. या गोष्टीत वाक्यं पुष्कळ आहेत आणि ती ओळीनं यायला हवीत. कागद 'मग' म्हणत नाही.

गोष्ट संस्थेची आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्यानं वाचतो, ध्वनिमुद्रित करतो आणि प्रकरणाप्रकरणानं त्यांना ऐकायला पाठवतो, हे तुला मी सांगायला नको. (वहिनी चौदा वर्षं तिथे वाचत होत्या. तू त्यांना न्यायला यायचास आणि खाली गाडीत बसून राहायचास. वर ये म्हटलं की म्हणायचास, मी तिचं रोज घरी ऐकतो.) लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या अजून त्याच आहेत. आतल्या खोलीच्या भिंतींना ब्लँकेटं ठोकलेली. तिथे वाचन चालतं. बाहेरच्या खोलीत पाच संगणक, टेलिफोन, आणि टेबलाखाली ते जुनं मशीन. त्याच्या पोटात आमची चारशे बारा पुस्तकं आहेत. ('आहेत' हा शब्द लिहून मी बराच वेळ थांबलो. तूर्त राहू दे.) गेल्या महिन्यापासून ते मशीन टक करतं. टक, टक, मग बराच वेळ काही नाही, आणि आपण निर्धास्त झालो की टक. मी रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आधी त्याच्या कुशीला हात लावून ताप बघतो. आमच्या अध्यक्षबाईंनी (मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, निवृत्त फक्त कागदोपत्री) मला एकदा तसं वाकलेलं पाहिलं.

'काय म्हणतंय?'

'कण्हतंय.'

'मग कण्हू काय देताय? नवीन बघा. शनिवारच्या बैठकीत मला लेखी शिफारस हवी. एका पानात.'

नवीन बघायचं काम माझ्याकडे का, असं तू विचारशील. मी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं एवढंच मला येतं. पण चार वर्षांपूर्वी संस्थेचा प्रिंटर अडला होता आणि मी त्यातून एक टाचणी काढली. त्या टाचणीवर माझी सगळी कीर्ती उभी आहे. तेव्हापासून कार्यकारिणीच्या यादीत माझ्यापुढे 'तांत्रिक बाजू' असं छापलेलं असतं. मी दर वर्षी ते खोडून पाठवतो. दर वर्षी ते पुन्हा छापून येतं.

तर तांत्रिक बाजूनं तीन माणसं बोलावली. पहिला कपाटवाला. त्याच्याजवळ एका लोखंडी कपाटाचं चित्र होतं, त्यात वरपासून खालपर्यंत दिवे लुकलुकत होते. त्याचं म्हणणं, सर्व्हर म्हटलं की हेच. त्याला स्वतंत्र खोली लागते, ती सदैव गार लागते, आणि आत धूळ चालत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे दोन खोल्या आहेत, खाली लाँड्रीच्या इस्त्र्या चालतात, आणि धूळ आमच्या आधीपासून राहते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर संडासाच्या दारावर स्थिरावली. तिथे ती बराच वेळ होती. मग त्यानं विचारलं, वापरणारे किती? मी म्हटलं, श्रोते दोनशे तीस. 'एकाच वेळी?' छे, मी म्हटलं, पाळीपाळीनं ऐकतात, सभ्य लोक आहेत. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, ते माझ्याविषयी होतं.

दुसरा ढगवाला. हा माणूस हसतमुख होता आणि रिकाम्या हातानं आला होता, कारण त्याच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. तुमच्याकडे काही ठेवूच नका, सगळं आमच्याकडे पाठवा, आम्ही सांभाळतो, हवं तेव्हा हवं तिथून ऐका, असं त्याचं म्हणणं. मला ते फार पटलं. (मला प्रत्येकाचं पटत होतं, ही माझी या कामातली खरी अडचण.) अध्यक्षबाई चष्मा पुसत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, 'पुस्तकं कुणाच्या घरी राहणार?' तो म्हणाला, कुणाच्या घरी असं नाही, तीन देशांत असतात, विखुरलेली. 'पत्ता द्या.' पत्ता असा नसतो, बाई. 'वाचनालयाच्या साध्या सभासदालासुद्धा आम्ही पत्ता विचारतो,' बाई म्हणाल्या, 'आणि तुम्हाला चारशे बारा पुस्तकं नेऊ देऊ?' तो हसतमुखच गेला. जिन्यात मात्र हसत नव्हता. मी वरून पाहिलं.

तिसरे बाईंचे जावई. हे संगणकातले आहेत आणि सासूबाईंना घाबरतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी भरवशाचे. त्यांनी स्वतःचे दोन डबे आणले, विटेएवढे, आणि बैठकीपर्यंत वापरून बघा म्हणाले. एक बाहेरच्या खोलीत ठेवला, एक आतल्या. एका डब्यात जे टाकाल ते दुसऱ्यात आपोआप उमटतं. एक बिघडला तरी दुसरा आहे. मी विचारलं, म्हणजे आरसा? ते म्हणाले, 'अगदी बरोबर बोललात काका, आरसा.' मला इतका आनंद झाला की पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं. प्रयोगाला कुठल्या शेल्फपासून (मशीनमधल्या पुस्तकांच्या गटांना आम्ही शेल्फ म्हणतो) सुरुवात करू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहिनींच्या. एकसष्ट पुस्तकं, सगळ्यांत जास्त मागणी त्यांनाच. सगळ्यांत मोलाचं आहे ते सगळ्यांत आधी सुरक्षित व्हावं, असा माझा विचार. जुन्या मशीनमध्ये नक्कल राहू देऊ की सगळं इकडेच हलवू, असंही त्यांनी विचारलं. मशीन गळ्यापर्यंत भरलेलं, वर टक टक. मला त्याची दया आली. मी म्हटलं, हलवा, तेवढंच त्याला हलकं वाटेल. (दादा, या वाक्यापाशी तू 'मग?' म्हटलंस, ते मला इथे ऐकू आलं.)

मग काही नाही. डबे चालू झाले. त्यांच्यावर एकेक हिरवा दिवा आहे. गेल्या मंगळवारी कचेरीत मी एकटाच होतो, तेव्हा थोडी झाडझूड केली, यादी नीटनेटकी केली. त्याविषयी पुढे लिहीनच. (पुढे म्हणजे कुठे, ते अजून ठरलेलं नाही.)

मधेच घड्याळजींविषयी सांगतो. आमचे एक श्रोते आहेत, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता दृष्टी पूर्ण गेली. फोनवर त्यांच्या मागे पाच-सहा घड्याळं चालू असलेली ऐकू येतात. सगळी एकत्र ठोका देतात, एकही मागेपुढे नाही. ते वहिनींनी वाचलेली ती कोळ्यांच्या गावाची मोठी कादंबरी ऐकताहेत. तेहेतीस प्रकरणं झाली. चौतिसावं त्यांना बुधवारी जायला हवं होतं. त्या दिवशी त्यांचा फोन आला. मी म्हटलं, यंत्रणा बदलतोय, थोडं काम चालू आहे. गुरुवारी आला. मी म्हटलं, काम जोरात चालू आहे. आज सकाळी आला. म्हणाले, 'साहेब, नावाडी होडी घेऊन खाडीत गेलाय, अंधार पडलाय, बायको काठावर उभी आहे. तीन दिवस उभी आहे बिचारी. तुमचं काम संपेपर्यंत तिला बसायला तरी सांगा.' मी हसलो. मग फोन ठेवून पाणी प्यायलो. दुसऱ्या कुणाच्या आवाजात पुढची प्रकरणं वाचून देऊ का, असं मी सहज विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले, चालेल ना, बायको तेवढी तीच ठेवा.

आता मुद्द्याचं. परवा जावई डबे बघायला आले होते. ते म्हणाले, दोन डबे आहेत हे ठीक, पण दोन्ही एकाच छपराखाली. खाली इस्त्र्या. वर पाण्याची टाकी. एक प्रत नेहमी दुसऱ्या घरी हवी, आणि ती आरशातली नको. उचलून नेलेली, वेगळी, इथलं काही बिघडलं तरी तिला ज्याचा पत्ताही लागणार नाही अशी. कुठलीही यंत्रणा घ्या, काका, कपाट, ढग, डबे, ही प्रत नसेल तर सगळं फुकट. मग अध्यक्षबाई चष्मा न पुसता म्हणाल्या, 'माहेरची प्रत.'

तुला हा शब्द ठाऊक नसेल. तो आमचा कचेरीतला. वहिनी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती काळी डिस्क (पत्त्यांच्या जोडाएवढी) मशीनला लावायच्या, संध्याकाळपर्यंत ती भरायची, मग पंच्यात गुंडाळून कापडी पिशवीत घालून घरी न्यायच्या, आणि पुढच्या महिन्यात परत आणायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही हसायचो. डिस्क माहेरी निघाली, म्हणायचो. पोचली की कळवा, म्हणायचो. एकदा मी विचारलं, वहिनी, मशीनवर विश्वास नाही का? तर म्हणाल्या, 'भाऊजी, विश्वास आहे हो. पण दोन घरी असलं की झोप लागते.' त्या गेल्यावर आम्ही पिशवी कुणाकडेच दिली नाही. तसं ठरवून नाही. शेवटचा शनिवार आला आणि गेला, एवढंच. दोन वर्षं होतील. त्या महिन्यात डिस्क माहेरीच होती. ती अजून परत आलेली नाही.

तर दादा, शिफारशीसाठी तुझं मत हवं आहे. तू आयुष्यभर पुलांचं काम पाहिलंस. कुठलं किती भार घेईल हे तुला कळतं. कपाट, ढग की डबे? माझा स्वतःचा कल डब्यांकडे आहे, पण डब्यांकडे बघायचं मी टाळतो, याचं कारण तांत्रिक नाही. बैठक पुढच्या शनिवारी आहे, उत्तर त्याच्या आत आलं तर उपकार होतील.

थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांग असं लिहिणार होतो, पण तुझ्या घरी आता थोर तूच आणि लहानही तूच. तेव्हा नमस्कार ठेवून घे. आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही, तो उलट टपालानं तूच पाठव. गरज आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, 'चार पानं लिहिलीत आणि लिहायचं ते लिहिलंच नाही.' मंगळवारच्या झाडझुडीविषयी पुढे लिहीन म्हटलं होतं. तर ते असं. मी डबे उघडून पाहिले. डब्यांवर एक आणि दोन असे आकडे आहेत. एकमध्ये एकसष्ट पुस्तकं, आणि दोनमध्ये तीच एकसष्ट, त्याच क्रमानं, शब्दाला शब्द. एकतीस वर्षं, दादा, मजकूर दोनदा आला की मी दुसरा खोडत आलो. त्यासाठीच मला पगार होता. हात आपोआप गेला. मी दोनमधलं सगळं खोडलं आणि समाधानानं एकमध्ये पाहिलं. तिथेही काही नव्हतं. आरसा. माणूस समोरून निघून गेल्यावर आरशात कोण उरणार? मुद्रितात चुकून शब्द खोडला तर त्याच्याखाली टिंबं द्यायची सोय आहे; टिंबं दिली की शब्द राहतो. मी पडद्यावर बोटानं टिंबं देऊन पाहिली. (हे हिला सांगितलेलं नाही.)

ता. क. २. जावयांना मी आडून विचारलं, समजा कुणी चुकून खोडलं तर? ते म्हणाले, 'काका, असं कोण करतं?' मी म्हटलं, समजा. ते म्हणाले, त्याच जागी दुसरं काही लिहिलं नसेल तर थोडीफार आशा असते. बुधवारी सकाळीच मी, शेल्फ रिकामं दिसू नये म्हणून, आरोग्य आणि आहार हे शेल्फ त्या जागी हलवून ठेवलं होतं. तेव्हा वहिनींच्या एकसष्ट पुस्तकांवर आता पालेभाज्यांचे गुण लिहिलेले आहेत. कचेरीत अजून कुणाला ठाऊक नाही. शनिवारी सांगावं लागेल.

ता. क. ३. तेव्हा खरं काम हे. तू हिला फोनवर सांगितलंस की जिन्याखालचं कपाट तू न उघडताच, जसंच्या तसं, रद्दीवाल्याला देणार आहेस. का न उघडता, हे मी विचारत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं आणि वर दमट हवेचं कारण दिलं असतं. पण ते वहिनींचं कपाट, डिस्क तिथेच असणार. पंचा, कापडी पिशवी. बहुतेक खालच्या खणात. तुला उघडायचं नसेल तर उघडू नकोस. मी येतो, मी उघडतो, तू गाडीत बसून राहा. फक्त तोवर रद्दीवाल्याला दारातच थांबव. आणि तो येऊन गेलाच असेल, तर या पत्राला उत्तर देऊ नकोस. मला कळेल.

ता. क. ४. शिफारस लिहून झाली. एका पानात बसली. यंत्रणा तिन्हींतली कुठलीही घ्यावी, मात्र दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक प्रत पिशवीतून दुसऱ्या घरी जावी, असं लिहिलं आहे. दुसरं घर म्हणून तुझी नवी जागा लिहिली. अध्यक्षबाईंना पत्ता लागतो. तुला विचारायचं राहिलं. पिशवी घेऊन मी येत जाईन, जिना नाही, गुडघ्यांना बरं.

ता. क. ५. आणखी एकच. त्या कादंबरीचं एकोणतिसावं प्रकरण वहिनींनी तुमच्या स्वयंपाकघरात वाचलं होतं, त्या आठवड्यात खाली लाँड्रीची मोठी मशीनं रात्रंदिवस चालू होती म्हणून. प्रकरणाच्या मधोमध एक जागा आहे. मी ती कापणार होतो. एकवीस श्रोत्यांनी फोन करून कापू दिली नाही. तू ते कधी ऐकलं नाहीस, म्हणून सांगतो. वहिनी वाचता वाचता थांबतात आणि म्हणतात, 'अहो, दूध!' लांबून तुझा आवाज येतो, 'मग?' वहिनी हलकेच हसतात. मग जिथे सोडलं होतं, तिथून पुढे वाचायला लागतात. घड्याळजी प्रत्येक फोनला विचारतात, ते दूध शेवटी उतू गेलं का? मी त्यांना सांगितलं आहे की दादाला विचारून कळवतो.